त्र्याहत्तर नंबरचा चीक

“भागाजी, हात दाखवा,” मी म्हणाले.

“हात काय बघायचाय, बाई.”

“दाखवा म्हणते ना.”

त्याने डावा हात पुढे केला. घट्टे पडलेला, लसूणघासाच्या रसाने हिरवा झालेला. उजवा हात टॉवेलात गुंडाळून पोटाशी घट्ट धरलेला. सकाळचे नऊ वाजले होते, श्रावणातली गार हवा होती, आणि हा गडी मात्र घामाने निथळत होता.

“हा नाही. तो.”

“त्येला इळा लागलाय.”

“बघू तरी किती लागलाय.”

“ऱ्हाऊ द्या बाई. तुमी घोड्याच्या डाक्टर.”

एरवी मी हसले असते. पण त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. शिवाय हात लपवणारा माणूस मला लहानपणापासूनच चालत नाही. माझे वडील जकात नाक्यावर होते. तीस वर्षं त्यांनी ट्रक, टेम्पो, सायकलवाले, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, सगळ्यांना अडवलं. घरी जेवताना आम्हाला सांगायचे, माणसाच्या तोंडाकडे बघू नका, तोंड बनवता येतं. हाताकडे बघा. आम्ही भावंडं एकमेकांच्या हाताकडे बघतच मोठी झालो. पुढे लग्नाला मुलगे बघायला आले तेव्हाही मी तेच केलं. त्यातले दोन नाकारले, दोघांचेही हात खिशात होते.

असो. साल एक्क्याण्णव. व्हेटर्नरीची पदवी घेऊन मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि नोकरी लागली ती मोरदऱ्याच्या माळावर, एका संस्थेच्या घोड्यांच्या फार्मवर. सव्वाशे घोडे. त्यांना सापाचं विष टोचायचं, आधी अगदी कणभर, मग हळूहळू वाढवत न्यायचं. घोड्याचं शरीर त्या विषाशी लढायला शिकतं आणि रक्तात अँटिबॉडी तयार होतात. त्या पुरेशा झाल्या की रक्त काढायचं, तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या आणि वरचा पिवळा द्रव बाटल्यांतून पुण्याला पाठवायचा. तिथं त्याचं सर्पदंशावरचं औषध व्हायचं. आमच्याकडे तयार औषधाची एक कुपी नसायची. सव्वाशे घोड्यांच्या अंगात औषध फिरत होतं, पण माणसाला टोचता येईल असं औषध तालुक्याच्या दवाखान्यातच, चाळीस मिनिटांवर.

भागाजी थिटे तिथला सगळ्यात जुना मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. पन्नाशीचा, सुकलेल्या अंगाचा, फारसं न बोलणारा. फार्मवर घोड्यांना नावं ठेवायची नाहीत, फक्त नंबर, असा दातीर साहेबांचा नियम. दातीर साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. भागाजी त्यांच्यासमोर “त्र्याहत्तर नंबर” म्हणायचा आणि त्यांची पाठ वळली की “साळू”. ही साळू बाजारातून आली तेव्हाच गाभण होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, हे कबूल करते. विषाचे डोस सुरू होऊन बरेच महिने झाले, अँटिबॉडी उत्तम चढल्या, तेव्हा भागाजी एक दिवस येऊन म्हणाला, “बाई, साळूच्या पोटात दुसरं कोण तरी हाय.” तिचे डोस मी त्याच दिवशी थांबवले. आषाढ संपता संपता, एका सकाळी ती व्याली. नाळ पडेपर्यंत, पिलू उभं राहीपर्यंत भागाजी तिच्या मानेशी उभा होता. मी खुशीत होते. त्या सकाळी मी त्याच्याशी जेवढं बोलले, तेवढं त्याआधी कधीच बोलले नव्हते.

पिलाचं पोट भरल्यावरही चीक भरपूर होता. पहिल्या दिवसाचं ते दाट पिवळं दूध. आई मेलेल्या एखाद्या पिलाला पुढे उपयोगी पडेल म्हणून मी ते तीन बाटल्यांत काढलं, चिठ्ठ्या लावल्या आणि भागाजीकडे दिलं, लॅबमधल्या फ्रीझरात ठेवायला.

बारा दिवसांनी मी फ्रीझर उघडला तर आत दोनच बाटल्या.

त्या आधीच्या आठवड्यात दातीर साहेबांनी मला दार लावून सांगितलं होतं, “आपला माल बाहेर जातोय अशी कुणकुण आहे. कुणीतरी पिवळा द्रव बाहेरच्या कंपनीला नमुना म्हणून देतंय. डोळे उघडे ठेवा.” तेव्हापासून मला सगळीकडेच पाणी मुरताना दिसत होतं. त्यात फ्रीझरची दुसरी किल्ली दोन दिवस सापडत नव्हती. आता बाटली गेलेली. ठेवायला दिली होती कुणाकडे, तर भागाजीकडे. आणि मी बोलावल्यावर भागाजी येतो तो हात टॉवेलात लपवून, घाम गाळत, नजर जमिनीला.

सांगा, तुम्ही काय समजला असता?

“बाटली कुठं गेली, भागाजी?”

त्याने टॉवेलाचं सुटलेलं टोक आत खोचलं.

“तीन दिल्या होत्या. दोन आहेत.”

“व्हय.”

“व्हय म्हणजे काय? तुम्ही घेतली?”

त्याने ओठ चाटले. “साहेब येऊ द्या. मंग सांगतो.”

झालं. माझ्या मनात जी पाल चुकचुकत होती तिला आवाज मिळाला. साहेब येऊ द्या म्हणजे काय? मी कुणी नाही? आणि तोवर टॉवेलातली किल्ली कुठं तरी टाकून द्यायला मोकळा. किल्ली टॉवेलातच आहे याबद्दल मला शंका उरली नव्हती. ओढून घ्यावा टॉवेल, असं मनात आलं. पण बापाच्या वयाच्या माणसाशी झटापट कशी करायची? शिवाय वडील म्हणायचे, साक्षीदाराशिवाय झडती घ्यायची नाही, माणूस उलटतो. दातीर साहेब पुण्याहून अकराला येणार होते.

“बसा मग इथंच,” मी म्हणाले. ऑफिसच्या ओसरीतलं स्टूल दाखवलं. “साहेब येईपर्यंत जागचं हलायचं नाही.”

“घोड्यांचा घास टाकायचा राह्यलाय.”

“दुसरं कोणी टाकेल.”

“पाणी पिऊन येऊ?”

“मी देते पाणी.”

तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवला. त्याने डाव्या हाताने उचलला. मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, समोर रजिस्टर उघडलं, आणि नजर मात्र त्याच्यावर. पोलिसालाही लाजवलं असतं मी. तो मधूनच डोळे मिटायचा. मधूनच उजवा हात टॉवेलासकट मांडीवर ठेवायचा, लगेच परत उचलायचा. एकदा कण्हल्यासारखा आवाज आला. नाटकं, मी मनात म्हणाले. आता पोट दुखायला लागेल, मग चक्कर येईल. जकात नाक्यावर पकडलेल्या माणसांना नेमकी तेव्हाच चक्कर येते.

साडेनऊच्या सुमाराला आमचा ड्रायव्हर रफिक जीप पुसायला आला. ओसरीकडे बघून म्हणाला, “मॅडम, भागाजीकाका बरे नाहीत का?”

“बरे आहेत. बसलेत.”

“तोंड कसंतरीच दिसतंय.”

“दिसणारच,” मी म्हणाले.

तो खांदे उडवून गेला. तेव्हा उठून दोन पावलं टाकली असती तर पाऊण तास वाचला असता. मी रजिस्टरचं पान उलटलं.

सव्वादहाला भागाजी वाकला आणि ओसरीखालच्या कर्दळीत थुंकला. लाल.

मला तर रागच अनावर झाला. फार्मवर पान-तंबाखूला सक्त बंदी. चोरी ती चोरी, वर माझ्यासमोर पान चघळतोय? मी तरातरा बाहेर गेले.

“पान खाताय?”

“न्हाई बाई.”

“मग हे काय आहे? तोंड उघडा.”

त्याने तोंड उघडलं नाही. माझा हात आपसूक गेला. रोज वीस-पंचवीस घोड्यांच्या हिरड्या बघायची सवय, अंगठ्याने ओठ वर करायचा आणि रंग बघायचा. तसाच मी त्याचा ओठ वर केला.

पान नव्हतं. दातांच्या मुळांतून रक्त झिरपत होतं, सगळ्या दातांच्या, सारखंच. गालावर दाढी करताना कापलेली बारीक रेघ होती, तीही ओली. सकाळची जखम, अजून वाहत होती.

मी टॉवेल ओढला. त्याने या वेळी अडवलं नाही.

हात कोपरापर्यंत सुजलेला. कातडी ताणून वांग्यासारखी काळीनिळी आणि चकचकीत. अंगठ्याच्या बुडाशी दोन टोचे, त्यांतून पातळ रक्त. टॉवेलाच्या आतल्या घड्या भिजलेल्या. किल्ली नव्हती.

“कधी चावला?”

“साडेसातला. घास कापताना.”

“बघितला का?”

“घोणस व्हती. चांगली मनगटायवढी.”

पावणेतीन तास. त्यातला सव्वा तास मी त्याला माझ्या नजरेसमोर बसवून ठेवला होता.

“आणि तुम्ही बोलला नाहीत? तोंड शिवलं होतं का तुमचं?” मी रडवेली होऊन ओरडत होते. “रफिक, जीप काढ. लवकर.”

“काय व्हायचं न्हाई मला, बाई,” भागाजी म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. तेच मला जास्त भ्यायला लावत होतं. “दम काढतोय जरा. उतरंल.”

निघता निघता मी लॅबमधून सुई आणि काचेची कोरडी नळी घेतली. जीप फाटकातून बाहेर पडायच्या आत त्याच्या डाव्या हातातून थोडं रक्त नळीत घेतलं. घोणसीचं विष रक्त गोठू देत नाही. चांगलं रक्त वीस मिनिटांत नळीत थिजतं, नळी आडवी केली तरी हलत नाही. नळी धक्क्यांनी हलू नये म्हणून मी ती दोन्ही तळव्यांत धरून बसले. रफिकने जीप अशी हाणली की रस्त्यावरच्या म्हशी बाजूला झाल्या.

“भागाजी, झोपायचं नाही. बोला माझ्याशी. कुणाची भीती वाटली म्हणून सांगितलं नाहीत? माझी?”

“चोरी केली ना म्या. साप दाखवला, तर दवाखान्यात का गेला न्हाई म्हणून चोरीबी सांगावी लागली असती.”

“कसली चोरी?”

“चिकाची बाटली. म्याच नेली. त्याच दिशी, ठेवायला दिली तवा. दोन आत ठेवल्या, एक टॉवेलात.”

“कशाला? कुणाला विकली?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. “इकायची कशाला? प्यायला नेली. घरात समद्यांनी घोट घोट घेतला. म्हातारी, सून, नात, म्या. तापवला न्हाई. कच्चाच पाजला.”

“का?”

“तुमीच सांगितलं व्हतं, बाई.”

जीप खड्ड्यातून गेली. मी नळी छातीशी धरली.

“पिलू उभं राह्यलं तवा,” तो हळूहळू, रक्त गिळत बोलत होता. “तुमी म्हणाला, भागाजी, ह्याला पयला चीक पाजा. साळूच्या रगतात चार सापांच्या इषाचं औषध हाय, ते समदं ह्या चिकातनं उतरतंय. आता ह्याला घोणस चावली तरी काय व्हायचं न्हाई. उकळला तर ताकद जाती, असंबी म्हणाला.”

मी म्हणाले होते. शब्द न् शब्द. त्या सकाळी मी इतकी हरखले होते की तबेल्यात उभी राहून कॉलेजातलं सगळं ज्ञान त्याच्यासमोर ओतलं होतं. फक्त एक सांगायचं राहिलं. पिलाच्या आतड्यातून त्या अँटिबॉडी जन्मानंतर फक्त दिवसभर रक्तात शिरतात, नंतर ते दार बंद होतं. आणि माणसाच्या पोटात तर तो चीक नुसता पचून जातो. हे सांगायला हवं, असं मला सुचलंच नव्हतं. ऐकणारा माणूस रोज सकाळी गुडघाभर घासात वाकतो, त्याची सून पण वाकते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“भागाजी, ते माणसाला लागू पडत नाही.”

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा भीती दिसली. स्वतःची नव्हे.

“मंग सून आज तिथंच घास कापती हाय,” तो म्हणाला.

तालुक्याच्या वेशीशी वीस मिनिटं होऊन गेली. मी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं या टोकाचं त्या टोकाला गेलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती नळी बघितली आणि एक शब्द न विचारता कुप्या फोडायला घेतल्या. दहा कुप्या. पांढरी भुकटी पाण्यात विरघळून सलाईनमध्ये जाताना मी पलंगाशी उभी होते. बाहेर फोनवरून फार्मला कळवलं होतं की घासात एकालाही उतरू देऊ नका.

“बाई,” भागाजीने विचारलं, “ह्यात आपल्या साळूचं असंल का?”

“असेल.”

“मंग हरकत न्हाई,” म्हणून त्याने डोळे मिटले.

डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, “उशीर झालाय, पण एक बरं झालं. हा फार चालला-फिरला नाही. साप चावला की लोक धावाधाव करतात, विष झपाट्याने पसरतं. याला बसवून ठेवलं कुणी?”

“मी,” मी म्हणाले.

“शहाणपणाचं काम केलंत.”

मी मान डोलवली. अजून आठवलं की अंगावर काटा येतो, मी खरंच मान डोलवली.

भागाजी वाचला. आणखी दहा कुप्या लागल्या, आठ दिवस लघवीतून रक्त गेलं, उजवा अंगठा अर्धा काढावा लागला. मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की चिकाचं काही खरं नाही, साप चावला की थेट दवाखाना. सून चुलीपुढे बसून ऐकत होती. म्हणाली, “मामांजी तर म्हणत व्हते, डाक्टरीणबाईंचा शब्द हाय.” मी चहा न घेताच उठले.

फ्रीझरची किल्ली चार दिवसांनी माझ्याच पांढऱ्या कोटाच्या अस्तरात सापडली.

महिन्याने चौकशी बसली. पुण्याहून एक साहेब आले होते. प्रश्न साधा होता. संस्थेचा माल चोरला, घरी नेला, औषध म्हणून पाजला. चीक प्यायला की साप बाधत नाही, असा समज फार्मवर पसरवला कुणी? उद्या दुसरा कामगार साप चावून घरी बसून राहिला आणि मेला, तर जबाबदार कोण? त्यांचं चुकत नव्हतं. दातीर साहेब मला आदल्या दिवशी म्हणाले होते, “तुमच्या तोंडून काही गेलं नाही ना? प्रोबेशनवर आहात, म्हणून विचारतो.” मी म्हणाले, नाही.

भागाजी समोर उभा होता. धुतलेला सदरा, बँडेज बांधलेला हात.

“तुला हे सांगितलं कुणी?” पुण्याच्या साहेबांनी विचारलं.

भागाजीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सकाळी घास टाकायला जाताना, आज कुठल्या घोड्यापासून सुरू करू, असं विचारताना बघायचा, तसंच.

“नीट सांग. कुणी सांगितलं असेल तर तुझी चूक निम्मी होते. नोकरी राहील. नाहीतर आजच्या आज काढावं लागेल.”

“कुणी न्हाई साहेब,” तो म्हणाला. “माझ्याच डोस्क्यातलं.”

“नक्की?”

“व्हय.”

आणि त्याने सही करायला दोन्ही हात पुढे घेऊन टेबलावर ठेवले, सगळ्यांसमोर, एक धड आणि एक अर्ध्या अंगठ्याचा. डाव्या हाताने पेन धरायची त्याला सवय नव्हती. नाव लिहायला त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं.

मी बोलले नाही. माझे दोन्ही हात टेबलाखाली होते.